पार्कोरमध्ये स्पर्धा हवी की नको, आणि डिसेंबरात बेंगळुरूला जायचं की नाही

म्हापशाच्या एका मुलाने विचारलंय. वय १७, दोन वर्षं पार्कोर करतोय, म्हणजे भिंती, जिने, कठडे असे अडथळे धावत, चढत, उड्या मारत पार करणं, बरंचसं व्हिडिओ बघून आणि मित्रांबरोबर. डिसेंबरात बेंगळुरूला स्पीडची, म्हणजे घड्याळ लावून अडथळे पार करायची, एक स्पर्धा आहे, त्यात नाव द्यायचंय. ग्रुपमधला एक मोठा मुलगा म्हणतो स्पर्धा आली की पार्कोर संपलं, दुसरा म्हणतो स्पर्धा नसेल तर माणूस आहे तिथेच राहतो. आणि घरी बाबा विचारतायत की या उड्यांचं सर्टिफिकेट कोण देणार. "सर, कुणाचं ऐकू?"

आधी उत्तर देऊन टाकतो, मग कारणं. जा बेंगळुरूला. पण नाव द्यायच्या आधी एक बघ, की समोर पन्नास माणसं ओरडतायत, घड्याळ चालू आहे, आणि तरी तुला एखाद्या अडथळ्यासमोर मोठी उडी सोडून बाजूच्या सोप्या वाटेने जाता येतंय का. येत असेल तर स्पर्धा तुला खूप काही देईल. नसेल येत तर अजून एक वर्ष थांब, स्पर्धा कुठे पळून जात नाही.

असं का म्हणतो ते ऐक. पार्कोरमध्ये आपण उड्या मारायला शिकतो असं लोकांना वाटतं. ते तर आहेच, पण तेवढंच महत्त्वाचं काम म्हणजे समोरची जागा बघून आज, या बुटांवर, या दमलेल्या पायांवर ही उडी माझी आहे की नाही हे ठरवणं. भिंत तू निवडतोस, दिवस तू निवडतोस, नको वाटलं तर खाली उतरून घरी जायचं हेही तूच ठरवतोस. स्पर्धेत यातलं बरंचसं दुसऱ्याच्या हातात जातं. कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, दुसऱ्याने लावलेला, वेळ दुसऱ्याने दिलेली, आणि मागे फिरलास तर हरलास. माझा स्पर्धेला विरोध नाही, पण हा बदल होतो हे कळून मग उतरायचं, आणि ठरवण्याची ती सवय स्पर्धेतून परत येताना शाबूत असली पाहिजे.

आता तुझा मोठा मित्र. तो अगदीच हवेत बोलत नाहीये. पार्कोरची मुळं शोधत गेलं तर ज्यॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यापर्यंत जावं लागतं, ज्याने धावणं, चढणं, उडी, तोल, उचलणं, फेकणं, पोहणं असं सगळं एकत्र धरून शरीर तयार करायची पद्धत मांडली, आणि त्याचं सूत्र होतं की उपयोगी पडण्यासाठी बळकट व्हा. फ्रेंच सैन्यातले अडथळ्यांचे कोर्स त्याच विचारातून पुढे आले. रेमों बेल नावाचा माणूस लहानपणी व्हिएतनाममध्ये फ्रेंच लष्करी शाळेत यात तयार झाला, पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला. त्याचा मुलगा डेव्हिड बेल. डेव्हिड, सेबास्तियें फुकां आणि त्यांचे दोस्त, ज्यांच्यातून पुढे यामाकासी हा ग्रुप झाला, पॅरिसजवळच्या लिस आणि एव्ही या उपनगरांमध्ये भिंतींवर, जिन्यांवर सराव करायचे. तिथे जिंकणं-हरणं हा विषयच नव्हता. सगळ्यांनी एकत्र सुरू करायचं, एकत्र संपवायचं, मागे राहिलेल्याबरोबर बाकीचे परत येऊन शेवटची फेरी पूर्ण करायचे. एकदा जमलेली उडी जमली असं धरायचं नाही, पुन्हा, आणि परत पुन्हा. तुझा मित्र जे बोलतोय ते तिथून आलंय, आणि त्याचा मान ठेव, कारण आपल्याकडे रील बघून शिकलेल्या पोरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पण मग स्पर्धा कधी आली? २००७ ला व्हिएन्नामध्ये रेड बुलची आर्ट ऑफ मोशन सुरू झाली, ती फ्रीरनिंगची, म्हणजे पलट्या, स्टाइल, पंच, मोठा स्टेज. २०१७ च्या जानेवारीत ब्रिटनने पार्कोरला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने, म्हणजे एफआयजीने, पार्कोर आपल्याकडे घ्यायचं ठरवलं आणि तिथे खरा भडका उडाला. अनेक देशांच्या पार्कोर संघटनांनी उघड विरोध केला, पार्कोर अर्थ नावाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, आम्ही जिम्नॅस्टिक्स नाही अशी मोहीम चालवली. तरी २०१८ च्या डिसेंबरात बाकूच्या काँग्रेसमध्ये एफआयजीने पार्कोर हा आपला प्रकार म्हणून मंजूर केला, २०२२ ला अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड गेम्समध्ये पार्कोर आलं, आणि त्याच वर्षी टोकियोत एफआयजीची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती आधी हिरोशिमाला व्हायची होती, कोविडमुळे राहिली.

यात दोन वेगळी भांडणं आहेत आणि तुझ्या मित्राने (तो एकटा नाही, जगभर लोक हेच करतात) ती एकात कालवली आहेत. एक भांडण असं की पार्कोरमध्ये स्पर्धा असावी का. दुसरं असं की असली तर ती कुणी चालवायची, पार्कोर करणाऱ्यांनी की जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी. २०१७ चा सगळा गदारोळ मुख्यतः दुसऱ्या भांडणाचा होता. विरोध करणाऱ्यांमधले कित्येकजण स्वतः स्पर्धा भरवत होते आणि अजूनही भरवतात. तेव्हा "जुन्या लोकांचा स्पर्धेला विरोध होता" असं सरसकट म्हणू नकोस. माझं स्वतःचं मत विचारशील तर दुसऱ्या भांडणात मी पार्कोरवाल्यांच्या बाजूने आहे, कारण भिंतीवर वाढलेल्या माणसाने लावलेला कोर्स आणि हॉलमध्ये वाढलेल्या माणसाने लावलेला कोर्स पायाखाली लगेच वेगळा कळतो.

आपल्या लोकांना हे समजायला मल्लखांब पुरे. पेशवाईच्या शेवटच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपाला आणला तेव्हा तो कुस्तीगिराच्या तयारीचा भाग होता, पकड, मांड्या, पोट, सगळं त्या खांबावर तयार करायचं आणि मग आखाड्यात उतरायचं. २०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या त्यात मल्लखांब होता, पंच बसलेले, सेट, गुण, गाद्या. पोरांची तयारी बघून थक्क व्हायला होतं. हे सगळं स्पर्धेमुळे आलं, चांगले कोच, चांगली साधनं, मुलींना बरोबरीने जागा, गावागावांतून येणारी मुलं. आणि काय गेलं, तर कुस्तीशी असलेलं नातं गेलं. आज मल्लखांब करणारा किती वेळा कुस्ती खेळतो? स्पर्धा जे मोजते ते वाढतं आणि जे मोजत नाही ते हळूहळू गळून जातं, यात कुणाचा वाईट हेतू नसतो, शिकवणाराच नकळत गुण मिळतील तेवढंच शिकवायला लागतो. पार्कोरमध्ये गळून जाऊ शकेल अशी गोष्ट म्हणजे तो नकार, ती मागे फिरण्याची तयारी. कारण त्याला गुण द्यायची सोय कुठल्याच फॉर्मॅटमध्ये नाही.

एक प्रसंग सांगतो म्हणजे नकार म्हणजे काय ते कळेल. पाऊस नुकताच गेलेला, आमचा जॅम, म्हणजे सगळ्यांनी जमून करायचा सराव, होता, डिचोलीची एक मुलगी आमच्याकडे येते तीही होती. दोन चिऱ्यांच्या गडग्यांमधला गॅप, कॅट लीप करायची, म्हणजे समोरच्या भिंतीच्या कडेला हात आणि खाली पाय एकदम लावून लटकायचं. अंतर तिच्या आवाक्यातलं होतं, त्याहून मोठी उडी तिने आधी मारलेली. खाली सगळे मोबाईल घेऊन उभे, मार मार करून ओरडतायत. ती दोनदा टोकाला आली, दोनदा थांबली, मग खाली उतरली, पलीकडे गेली आणि समोरच्या भिंतीवर जिथे हात पडणार होता ती कड अंगठ्याने दाबून बघितली. वरचा पापुद्रा भुगा होऊन हातात आला. पावसाने चिरा आतून फुगलेला, वरून कोरडा दिसत होता. तिने हात झटकला आणि "आज नाही" म्हणाली, झालं. ओरडणारी पोरं गप्प बसली. आता हीच मुलगी घड्याळ लावलेल्या कोर्सवर असती तर खाली उतरून कड तपासायला वेळ मिळाला असता का? नाही. म्हणून तिथे ते काम आयोजकाने आधी केलेलं असावं लागतं आणि तू आधी कोर्स चालून बघताना स्वतः पुन्हा करावं लागतं.

दुसऱ्या मित्राचंही ऐकू, कारण त्याच्या बोलण्यात बरंच खरं आहे. गोव्यात पार्कोर करणारे आपण मोजके लोक, त्याच त्या जागा, कांपालचा वॉकवे, मिरामारची वाळू, पेडेच्या संकुलाच्या आजूबाजूच्या भिंती. माणूस आवडेल तेच करत राहतो. उजवा हात पुढे टाकून व्हॉल्ट, म्हणजे हात टेकून अडथळा ओलांडणं, येतो ना, मग कायम उजवाच. वॉल रन, म्हणजे धावत भिंतीवर चढणं, आवडत नाही, मग वर्षभर भिंतीकडे पाठ. पलटी वाळूवर येते म्हणून वाळूवरच. दुसऱ्या कुणी लावलेला कोर्स तुझी ही सगळी लपवाछपवी अर्ध्या मिनिटात उघडी पाडतो, कारण तिथे अडथळा डाव्या बाजूनेच घेता येईल असा ठेवलेला असतो आणि तुझा डावा हात तिथे जातच नाही. आम्ही क्लासमध्ये स्टॉपवॉच लावून छोटे कोर्स धावतो ते यासाठीच, कोण पहिला आला हे सांगायला नाही, कोण कुठे अडखळला ते बघायला. शिवाय बाहेर गेल्यावर तुझ्यासारख्या उंचीचा, तुझ्यासारख्या वजनाचा मुलगा तीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने करताना दिसतो, ते व्हिडिओत दिसत नाही. स्पर्धेच्या दोन दिवसांत कोर्सच्या बाहेर, चहाच्या टपरीवर जे शिकायला मिळतं ते कोर्सइतकंच मोलाचं.

स्पर्धांचे प्रकारही सगळे सारखे नाहीत. स्पीड म्हणजे ठरलेल्या कोर्सवरून कमीत कमी वेळात जायचं. फ्रीस्टाइलमध्ये पंच असतात, अवघडपणा, सफाई आणि रचना बघतात, आणि तिथे मोठं काहीतरी दाखवायचा मोह सगळ्यात जास्त, तुझ्या वयाला मी ते नको म्हणेन. स्किल नावाचा एक प्रकार उत्तर अमेरिकेत चांगला रुजलाय, त्यात ठराविक आव्हानं दिलेली असतात, मोजके प्रयत्न, आणि कुठलं आव्हान घ्यायचं हे बरंचसं तू ठरवतोस. माझ्या मते पार्कोरच्या स्वभावाला सगळ्यात जवळचा हाच, आपल्याकडे जॅममध्ये खडूने खुणा करून हे कुणालाही करता येईल. आणि चेज टॅग. लंडनमध्ये सुरू झालेला खेळ, १२ मीटर बाय १२ मीटरच्या चौकोनात अडथळे, एक पळणारा एक पकडणारा, २० सेकंद. खो-खो खेळलेल्या आपल्या पोरांना हा समजावून सांगावा लागत नाही. लहान मुलांसाठी तर मी दुसरी कुठली स्पर्धा घेतच नाही, कारण पाठलागात मूल स्वतःच वाट निवडतं, जमेल तेवढंच उडतं, आणि हरलं तरी लगेच दुसरा डाव.

स्पीड तुला जमेल, म्हणूनच जा म्हणालो. त्यात शहाणपणाला जागा आहे. मोठी उडी मारून वाचतो त्यापेक्षा जास्त वेळ दोन अडथळ्यांच्या मधे न थांबल्याने वाचतो. नवीन मुलं कमरेएवढ्या भिंतीवर काँग मारतात, दोन्ही हात टेकून पाय मधून काढतात, दिसायला भारी, पण पुढे गॅप नसेल तर तिथे एका हाताचा स्पीड व्हॉल्ट लवकर होतो आणि पाय धावतच खाली येतात. हे कोर्स चालताना ठरवायचं. चालताना दोन अडथळ्यांमधली पावलं मोज, आणि प्रत्येक अडथळ्याला दोन वाटा डोक्यात ठेव, एक तुझी आणि एक पाय जड झाले तर घ्यायची. दुसरी वाट आधीच ठरलेली असली की ती घेताना कमीपणा वाटत नाही. वर म्हणालो ना, बाजूने जाता आलं पाहिजे, ते असं आधीच ठरवून ठेवायचं असतं, ऐनवेळी सुचत नाही.

आता तयारी. आत्ता पाऊस चालू आहे, आणि पावसात गोव्यातल्या भिंती हा वेगळाच विषय आहे. उघडा चिरा कोरडा असताना बुटाला असा धरतो की याहून चांगली पकड शोधून मिळणार नाही, तळहाताची सालं काढतो ते वेगळं. पण वरून सिमेंटचा गिलावा केलेली कंपाउंडची भिंत असेल तर तिच्या माथ्यावरचा काळा थर म्हणजे शेवाळ. उन्हात तो वाळून नुसता डाग वाटतो, चार थेंब पडले की पाय तिथे राहत नाही. जुन्या घरांच्या गडग्यांवर काचा रोवलेल्या असतात, कुठल्याही भिंतीवर हात टाकायच्या आधी वर डोकावून बघायचंच. सांजांवच्या सणाला विहिरीत उड्या टाकणाऱ्या आपल्या पोरांना उंचीची भीती नसते हे मला ठाऊक आहे, पण पाणी चूक पोटात घालतं, चिरा घालत नाही. तेव्हा सप्टेंबर संपेपर्यंत बाहेरच्या भिंती बंद. ओळखीच्या बिल्डिंगचं पार्किंग बघ, वॉचमनशी आणि सोसायटीशी आधी बोल, नाहीतर "पांय मोडटलो मरे!" म्हणून तो ओरडेल आणि त्याचं बरोबरच असेल. पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंतेन्यासमध्ये, तर जाऊच नकोस, तिथले लोक आधीच फोटोवाल्यांनी वैतागलेत. आणि किल्ले, जुनी चर्चं, देवळांचे कठडे, हे कधीच नाही.

पार्किंगमध्ये काय करायचं? लँडिंग. तू दोन वर्षं उड्या मारतोयस पण व्हिडिओ बघून शिकलेल्यांचं लँडिंग हमखास कच्चं असतं कारण व्हिडिओत उडी दिसते, उतरणं दिसत नाही. जमिनीवर खडूने दोन रेषा काढ, अंतर टाचेला पंजा लावत स्वतःच्या पावलांनी मोज, आरामात जमेल असं ठेव, समज ६ पावलं. एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर प्रिसिजन, म्हणजे नेमक्या जागी उतरून तिथेच थांबायची उडी. पायाचा पुढचा भाग आधी, टाच नंतर जेमतेम टेकते किंवा टेकतच नाही, गुडघे पंजांच्या दिशेने, आत वळायला नकोत, आणि खाली बसताना काटकोनाच्या पुढे फार जायचं नाही. मग ऐक. धप्प आवाज आला तर पूर्ण वजन हाडांवर गेलं. आवाज न येता, न डगमगता, लागोपाठ तीनदा रेषेवर थांबलास तर अर्धं पाऊल वाढव. चौथ्यांदा धप्प झालं तर परत मागे. कंटाळवाणं आहे, मला माहितीय, पण ज्याला हे येतं त्याचं शरीर पुढे दहा वर्षं टिकतं.

मग चुकायचं कसं ते. उडी कमी पडली तर एक पाय माथ्यावर आणि दुसरा भिंतीच्या अंगावर टेकून वजन धरायचं, नाहीतर दोन्ही पायांनी भिंतीला ढकलून मागे खाली उतरायचं. जास्त झाली तर हात हवेत फिरवत तोल सावरत बसायचं नाही, सरळ पुढे पाऊल टाकून उतरायचं. हे गुडघ्याएवढ्या उंचीवर मुद्दाम चुकून चुकून शिक. ज्याला चुकल्यावर काय करायचं ते येतं त्याची भीतीसुद्धा शहाणी होते, ती नेमकं सांगते की काय अडतंय. खांद्यावरून तिरकी रोल दोन्ही बाजूंनी कर, डोकं जमिनीला लागता कामा नये, आणि ती मॅटवर नाही तर लादीवर दुखत नाही इथपर्यंत आण, मॅटवर सगळ्यांचीच रोल चांगली दिसते. मिरामारच्या वाळूचंही तेच, पलटीत कमी फिरलास तरी वाळू सांभाळून घेते आणि तुला वाटतं पलटी तयार आहे. वाळू चार पायांवर चालण्याच्या व्यायामाला आणि स्प्रिंटला वापर.

ताकदीत तुझी अडचण मी न बघता सांगू शकतो, क्लाइंब अप. भिंतीला लटकलेल्या स्थितीतून वर येणं. स्पीडमध्ये सगळ्यात जास्त सेकंद तिथे जातात आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मनगटाच्या वरचे स्नायू संपतात. पुल-अप्स, डिप्स कर, पण आठवड्यातून दोनदा खऱ्या भिंतीवर क्लाइंब अप हवेतच, गुडघा न टेकता, पायाने भिंत ढकलून. आठवड्याला चार दिवस ट्रेनिंग पुरे, त्यात जोरदार लँडिंगचे दोनच. छातीच्या उंचीवरून वारंवार खाली उड्या मारू नकोस, जमतात म्हणून मारू नकोस. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, कित्येक महिने घेतात, आणि मधल्या काळात पोराला वाटतं मी तयार आहे. गुडघ्याच्या वाटीच्या खाली दुखायला लागलं, जिने उतरताना जाणवलं, तर उड्या बंद आणि डॉक्टरकडे, वाढत्या वयात तिथलं दुखणं ताणून वर्ष वाया घालवलेली मुलं मी बघितली आहेत.

ऑक्टोबरपासून दमलेल्या पायांवरचा सराव. २०-२५ सेकंद पूर्ण जोरात धाव, मधे दोन-तीन व्हॉल्ट, आणि शेवटी प्रिसिजन, पण ताज्या पायांनी जमते त्याच्या तीन चतुर्थांशच अंतर. कोर्सवरचे घोटाळे शेवटच्या दोन अडथळ्यांवर होतात, पाय उचलला जातोय असं वाटतं आणि बूट कडेला लागतो. दमल्यावर तुझी खरी उडी किती हे तुला आकड्यात माहीत पाहिजे, आणि कोर्स चालताना तोच आकडा धरायचा, ताजा नाही.

अजून एक गोष्ट जी गोव्यातून जाणाऱ्याला कुणी सांगत नाही. तुझे पाय चिऱ्याला सरावलेत. तिथे प्लायवूडचे बॉक्स आणि लोखंडी पाइप असणार. प्लायवर धूळ बसली की बूट घसरतो, रंगवलेला पाइप घामट हाताला धरवत नाही. ओळखीचा मंडप डेकोरेटर असेल तर त्याच्या गोडाऊनमध्ये फळ्या आणि पाइपांवर सराव करू दे म्हणून विचार, बहुतेक लोक हो म्हणतात. सोबत पंचा ठेव, प्रत्येक फेरीआधी बुटाचे तळ आणि हात पूस. आणि आपल्या दमट हवेत अंग पटकन मोकळं होतं, बेंगळुरूला डिसेंबरात सकाळी चांगलाच गारठा असतो, वॉर्म अप दुप्पट वेळ कर, स्वेटर फेरीच्या अगदी आधी काढ.

बाबांचं राहिलं. त्यांचा प्रश्न वाजवी आहे, त्याला उडवून लावू नकोस. खासगी स्पर्धेचं सर्टिफिकेट आणि शाळा-कॉलेजच्या गुणांसाठी किंवा नोकरीच्या खेळाडू कोट्यात चालणारं सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्यासाठी सरकारच्या यादीतला खेळ आणि मान्यता असलेली संघटना लागते. बेंगळुरूच्या कागदावर तसली आशा ठेवू नका, आणि कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर क्रीडा संचालनालयात जाऊन खात्री करून घ्या. कोट्याच्या दृष्टीनेच बघायचं असेल तर याच शरीरावर जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब किंवा अ‍ॅथलेटिक्स होऊ शकतं, बरोबरीने कर, पार्कोरचं त्यात नुकसान नाही. ऑलिम्पिकचं म्हणशील तर पॅरिस २०२४ साठी पार्कोर आत घ्यायचा प्रयत्न झाला होता, झालं नाही, त्यावर आयुष्याचा हिशोब मांडू नये. बाबांना एकदा सरावाला घेऊन ये मात्र. त्यांनी फक्त रील बघितलेत, खडूच्या रेषेवर अर्धा तास तेच तेच करणारा मुलगा त्यांनी बघितलेला नाही.

तू १८ च्या खालचा आहेस म्हणजे फॉर्मवर त्यांची सही लागेलच. सही करायच्या आधी दोघांनी मिळून आयोजकांना फोन लावा आणि विचारा: कोर्स आदल्या दिवशी चालायला आणि हात लावून बघायला मिळणार का, प्रत्येक अडथळ्यावर सराव करायला किती वेळ, लँडिंगच्या जागी काय टाकलंय आणि त्याचा फोटो पाठवता का, फेरीत एखादा अडथळा सोडला तर थोडे सेकंद वाढतात की थेट बाद, रुग्णवाहिका जागेवर असते की बोलवावी लागते, १८ खालच्यांचा गट वेगळा आहे का. चालायला मिळणार नाही म्हणाले किंवा फोटो पाठवायला टाळाटाळ केली तर या वर्षी नाव देऊ नकोस, ते पैसे चांगल्या बुटांवर घाल.